जमनाबाय आणि खालची दुर्बीण

आमच्या हॉस्पिटलात आतड्याच्या तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक छापील कागद देते. आधी काय खायचं, काय बंद करायचं, औषधाचं पाणी कसं प्यायचं, सोबत कोण हवं, सगळं त्यावर आहे. भाजी, फळं, बिया, सालं, कोंडा नको, हे कुठल्याही गावच्या हॉस्पिटलच्या कागदावर असतं. आमच्या कागदावर त्याखाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ आहे: 'जवळा, करंदी, सोडे, सुकं काहीही चालणार नाही. पातळ कालवणातलंसुद्धा नाही.' ही ओळ जमनाबायमुळे आली.

मी बोईसरच्या एका लहान हॉस्पिटलात तपासण्यांच्या वेळा लावते. पोटाचे डॉक्टर ठरलेल्या वारी येतात. त्या दिवशी कोण आधी, कोण नंतर, कोणाला मधुमेह आहे, कोण रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतंय, कोणाला भूल चालत नाही, हे सगळं मी आदल्या दिवशी लिहून काढते. याद्या करणं हा माझा स्वभावच आहे. घरी फ्रीजवरसुद्धा यादी असते. जमनाबाय माझ्या कुठल्याच यादीत नीट बसली नाही.

आमच्याकडे घशातून करतात ती 'वरची दुर्बीण' आणि मागच्या बाजूने करतात ती 'खालची दुर्बीण'. कोलोनोस्कोपी हा शब्द कागदावर असतो, तोंडात कोणाच्याच नसतो. आणि खालच्या दुर्बिणीचं नाव घेताना माणसं आवाज खाली आणतात. पुरुष तर माझ्यासमोर उभे राहून भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलतात. जमनाबाय आली ती दारातूनच म्हणाली, "ती ढुंगनातून करतात ती दुर्बीण हितंच ना?"

बाहेर बसलेल्या सगळ्यांनी एकदम मोबाइलमध्ये माना घातल्या.

ती जवळच्या किनाऱ्यावरच्या दांडी गावची. बोईसरच्या बाजारात फळी मांडून त्यावर मासळी घेऊन बसायची. उंच, हाडापेराने मोठी, नाकात ठसठशीत नथ. तिचा आवाज वाऱ्यावर बोलायची सवय असलेल्या माणसांचा असतो तसा होता. पण त्या दिवशी तिचे ओठ कागदासारखे पांढरे होते आणि जिना चढून आल्यावर तिला बराच वेळ धाप लागली होती. दांडीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या पापण्या ओढून बघितल्या होत्या, रक्त तपासलं होतं आणि चिठ्ठी दिली होती: अंगातलं रक्त फार कमी, शौचातून रक्त जातंय, आतडं बघून घ्यावं.

"किती दिवस जातंय रक्त?" मी विचारलं.

"कोन मोजतंय? आमच्यात सगल्यांना जातंय. फळीवर बसून बसून मूलव्याध होते. तिकट खातो, सुकं खातो. बाजारात माज्या रांगेतल्या येकीला तरी इचारा, हाय काय म्हनून."

हे तिने खोटं सांगितलं नव्हतं. बाजारातल्या बायका मूळव्याधीबद्दल पाठदुखीसारखं बोलायच्या. कोणी झाडपाला घ्यायच्या, कोणी पुडी, कोणी ताकात काहीतरी कालवून. रक्त जाणं हा फळीवर बसण्याचा भाग झाला होता, म्हणून त्यात काही वेगळं असेल असं कोणाच्या मनात येत नव्हतं. मी तिला कागद दिला, वाचून दाखवला, दोनदा समजावला. "सगलं कळलं," ती म्हणाली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर आत गेले आणि थोड्याच वेळात त्यांनी मला दाराशी बोलावलं. ते कमी बोलणारे गृहस्थ आहेत. "पडद्यावर बघा जरा," एवढंच म्हणाले.

जमनाबाय गुंगीत कुशीवर झोपली होती. पडद्यावर आतड्याच्या गुलाबी भिंतीला बारीक काळे ठिपके चिकटले होते, जोडीजोडीने. डोळे होते ते. जवळ्याचे डोळे, त्या इवल्याशा कोलंबीचे. त्यांच्याभोवती पातळ, पारदर्शक सालपटं तरंगत होती. दुर्बीण जाईल तिथे जवळा.

"आपण आतड्यात आहोत की खाडीत?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दुर्बीण मागे घेतली.

ती शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारलं, "काही खायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"खाल्लं कुटं? कागदावर पातळ घ्या म्हनून लिवलंय. जवळ्याचं पातळ कालवन केलं आनि प्याले. त्यात भाजी नाय, फळ नाय, बी नाय." मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "मासली बंद म्हनून लिवलंय कुटं, दाखवा."

मी कागद बघितला. नव्हतं लिहिलेलं. शहरातून आलेल्या त्या कागदाला किनाऱ्यावरचं स्वयंपाकघर ठाऊक नव्हतं. इथे मासळी खाण्यात धरतच नाहीत, ती पाण्यासारखी असते.

दुसरं कोणी असतं तर पुन्हा आलं नसतं. ते खारट-गोड पाणी पुन्हा तांब्याने प्यायचं, पुन्हा रात्रभर परसाकडला पळायचं, पुन्हा लाज. जमनाबायने विचारलं, "उद्या करता काय?" आणि दुसऱ्या दिवशी वार नसतानाही डॉक्टर हो म्हणताच तिने एक अट घातली. "उद्या मला झोपवू नका. मी बगनार."

डॉक्टरांनी समजावलं. पोटात हवा भरतात, वळणावर दुखतं, कळ येते. ती म्हणाली, "चार पोरं काडलीत मी या पोटातून. तुमची नळी केवडी ती."

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. मी त्या दिवशी आत थांबले होते. या खोलीत इतकी वर्षं माणसं ये-जा करताना बघते, पण कोणी स्वतःच्या आत असं बघताना मी पाहिलं नव्हतं. बहुतेक जण झोपतात, उरलेले डोळे मिटतात. जमनाबाय एका कोपरावर रेलून बघत होती. आतडं स्वच्छ होतं आता. ओलं, गुलाबी, वळणावळणाचं, मधे मधे लाल-निळ्या शिरांची जाळी. आणि ते हलत होतं, हळूच आवळत होतं, सैल होत होतं.

वळणावर तिने दात आवळले, पण पडद्यावरची नजर काढली नाही.

"रोज पाटीभर पोटं फाडते मी," ती म्हणाली. "सगली मेलेली. जितं पोट आज पयल्यांदा बगितलं. एवडं सुंदर असतंय काय आत?"

डॉक्टरांचा हात थांबला. मग ते म्हणाले, "असतं."

अजून थोडं पुढे, डाव्या बाजूला, तो गुलाबी रस्ता बिघडलेला दिसला. एका अंगाला खडबडीत, लालभडक गाठ, स्पर्श होताच रक्त येणारी. तिनेच विचारलं, "हाच तो काय?"

"हा बघायला हवा," डॉक्टर म्हणाले आणि बारीक चिमट्याने तिथले तुकडे घेतले. तिने तेही बघितलं. तुकडे बाटलीत गेल्यावर म्हणाली, "मूलव्याध, मूलव्याध म्हनून किती औशदं घातली याला. खाऊन माजला मेला."

तुकड्यांचा निकाल आला. कर्करोग. मुंबईला ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून द्यायची औषधं झाली. तिचे केस गेले, परत आले. मधले महिने मला ती दिसली नाही. आणि मग एके सकाळी बाजारातून जाताना तोच आवाज आला, "ओ मॅडम! तुमचं परसाकडं बरं होतंय ना?"

भरल्या बाजारात. मी कोलंबी न घेताच पुढे गेले.

पण पुढे मला कळलं की हा प्रश्न तिने सगळ्यांनाच विचारायला सुरुवात केली होती. पापलेट साफ करता करता विचारायची. गिऱ्हाईक लाजलं तर पापलेटचं आतडं सुरीच्या टोकावर धरून दाखवायची. "हे बग. यात काय लाज हाय? तुज्यात बी हेच हाय, जरा लांब." डॉक्टर ज्या गोष्टी पाच मिनिटं समजावतात, त्या तिने स्वतःच्या बोलीत आणल्या होत्या. "रगत गेलं, परसाकडची सवय बदलली, जुलाब थांबत नाय, कारन नसता बारीक झालास, अंगात रगत टिकत नाय, नायतर घरात कुनाला हे झालंय. यातलं येक बी असंल तर जा. नायतर नको जाऊ, उगाच पैसे नको घालवू." तिच्या शेजारच्या फळीवरची बाई तिला म्हणायची, "जमने, तू मासली इक ना गो, गिऱ्हाईक पळवतेस." जमनाबाय म्हणायची, "पळालं तर पळू दे. परसाकडं तरी पळत जाऊन येईल."

तिने पाठवलेली माणसं मला लगेच ओळखू यायची. ती कॅलेंडरकडे बघत नसत. "जमनाबायनं पाटवलंय," म्हणायची आणि लक्षणं घडाघडा सांगायची. एकदा कॉलनीतल्या एक बाई तपासणीनंतर माझ्याकडे तावातावाने आल्या. काही निघालं नव्हतं, साधी मूळव्याधच होती. "त्या कोळणीच्या नादाला लागून उगाच हा उपद्व्याप केला," म्हणाल्या. त्यांनी बाजारात जाऊन तिलाही सुनावलं असावं, कारण पुढच्या खेपेला जमनाबायने मला ते सांगितलं. "मी म्हटलं, बाय, काय नाय निगालं म्हनून रडतेस? मला निगालं तवा मी रडले नाय. घे, आज शिंगाळा ताजा हाय."

ऑपरेशननंतर तिची स्वतःची पुन्हा दुर्बीण करायची वेळ आली, त्या दिवशीचं आठवतं. बाहेरच्या बाकावर एक तरुण कामगार बसला होता. एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात काम करणारा, उत्तरेकडचा. कित्येक महिने जुलाब, त्यात आव आणि रक्त. गाल आत गेलेले. त्याचं नाव पुकारलं तसा तो उठला आणि थेट जिन्याकडे निघाला. जमनाबायने त्याच्या शर्टाचं टोक धरलं.

"ओ भाय, किदर चला?"

"माताजी, हमसे नहीं होगा। इज़्ज़त का सवाल है।"

"इज्जत पेट में नय रैती. पेट में जो रैता है वो दिनभर में कितनी बार निकलता है तेरा?"

तो बिचारा लाल झाला. बाकावरचे सगळे आता उघड उघड ऐकत होते.

"बोल ना. मेरा बी देखनेवाले हैं आज. तेरे पैले मेरा देखा, फिर मेरे को काटा, फिर जोडा. मैं बैटी है ना तेरे सामने? मासली बेचती है ना?"

"बाजार में," मी मधेच म्हटलं, कारण तो गोंधळून माझ्याकडे बघत होता.

"जा अंदर. तू भागेगा तो मैं तेरे कारखाने में आके पूछेगी."

तो आत गेला. त्याच्या आतड्यात जखमा होत्या, सूज होती. गाठ नव्हती. डॉक्टरांनी तिथले तुकडे तपासायला पाठवले आणि सांगितलं की हा दीर्घकाळचा पण औषधाने ताब्यात राहणारा आजार आहे, साध्या जुलाबाच्या गोळ्या घेत बसून तो बरा झाला नसता. काही महिन्यांनी तो मला बाजारात दिसला, अंगाने भरलेला. हातात मिठाईचा पुडा, आणि स्वतः शाकाहारी असल्यामुळे नाकाला रुमाल लावून मासळीच्या रांगेपासून चार हात लांब उभा. जमनाबाय त्याला ओरडून सांगत होती, "अरे पास आ, मेरी मासली तेरे को खानेवाली नय!"

एवढं सगळं जगाला सांगणाऱ्या बाईचं तिच्या घरात मात्र एकच माणूस ऐकत नव्हता. तिचा धाकटा भाऊ काशिनाथ.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी त्रास नसला तरी तपासून घ्यावं. मुलं तिने एकेक करून आणली. उमरोळीला दिलेली मुलगी तर नवऱ्याला न सांगता आली. पण काशिनाथ स्वतःच्या बोटीचा तांडेल, सहा माणसांवर हुकूम चालवणारा. "मला काय झालंय? वादळात उभा राहतो मी," म्हणायचा.

जमनाबायला भीती होती ती वेगळ्या कारणाने. त्यांचा बाप तरणाच पोट फुगून गेला होता. घरात कोणी करणी म्हटलं, कोणी नजर म्हटलं, कोणी दारू म्हटलं. "बाबाचं पोट कुनी बगितलंच नाय," ती मला म्हणाली होती. "आनि काशा हुबेहूब बाबा हाय. तसाच चालतो, तसाच खोटं बोलतो." आणि मग एक दिवस काशिनाथची बायको हौसा तिच्याकडे रडत आली होती.

त्यानंतर मला जमनाबायचा फोन आला. "रविवारी सकाळी दांडीला या. कागद घेऊन या." मला वाटलं बायकांना माहिती द्यायची असेल. मी कागदांचा गठ्ठा घेतला, पेन घेतलं, आणि स्कूटरवरून गेले.

किनाऱ्यावर बोट नुकतीच लागली होती. या किनाऱ्यावर एक रीत आहे, ती सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मासळी काठाला आली की पुरुषाचं काम संपतं. निवडणं, वाटे लावणं, दर सांगणं, बाजारात नेणं, उरलेली सुकवणं, सगळं बायकांच्या हातात. तांडेल कितीही मोठा असो, त्याने मासळीचा दर सांगितलेला कोणी ऐकलेला नाही.

ताडपत्रीवर बोंबलांचा ढीग पडला होता, मऊ, पांढरा, चमकणारा. आणि त्याच्याभोवती दहा-बारा बायका टोपल्या पालथ्या घालून त्यांच्यावर बसल्या होत्या. हौसाही. मधे जमनाबाय.

काशिनाथ पाण्यातून वर आला. मोठा माणूस, बहिणीसारखाच. "उठा की गो. ऊन चडतंय."

कोणी उठेना.

"हौसे, तुला काय झालं?"

हौसाने जमनाबायकडे बघितलं.

"तिला काय इचारतोस? मला इचार," जमनाबाय म्हणाली. "तुजी मासली आज कोन उचलनार नाय. तू दुर्बीण करनार असशील तर बोल, मंग आमी उठतो."

त्याने हसण्याचा प्रयत्न केला, खलाशांकडे बघितलं. मग हौसाकडे वळला. "तू सांगितलंस काय हिला?"

"तुजे कपडे हौसा धुते," जमनाबाय म्हणाली. "तुला वाटलं समुद्र धुतो?"

खलाशी वाळूकडे बघायला लागले.

"मूलव्याध हाय ती, ताय. बोटीवर सगल्यांना हाय."

"मला बी तीच होती."

टेम्पो घेऊन आलेला एक व्यापारी पुढे सरकला. सगळा माल एकदम घेतो म्हणाला. जमनाबाय त्याच्याकडे वळलीही नाही. "घे. मंग उद्यापासून याच्याकडनंच घे. आमच्यातल्या येकीच्या पाटीला हात नको लावू." व्यापारी मागे गेला आणि मोबाइलवर कोणाशी तरी बोलायला लागला.

मग काशिनाथ स्वतःच खाली बसला आणि बोंबील निवडायला लागला. जाळं ओढणारे ते हात. बोंबील हा मासा हातात धरणंसुद्धा कसब आहे, जरा आवळला तर लगदा होतो. त्याच्या बोटांतून लगदा गळत होता. एक म्हातारी बाई म्हणाली, "तांडेल, हळू. बोंबील हाय तो, दोर नाय." दोघीतिघी हसल्या. हौसा हसली नाही. ऊन खरंच चढत होतं, आणि ढिगावरची चमक जायला लागली होती. एक कुत्रं अगदी जवळ येऊन बसलं.

काशिनाथ उठला, हात झटकून ओरडला, "सडंल सगलं! डोळ्यासमोर सडंल, ताय!"

"सडू दे."

"सहा घरं हायत या मासलीवर!"

"ठाऊक हाय. सडू दे." तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला. "बाबाचं पोट आतून सडलं, कुनी बगितलं नाय. माजं सडत होतं, ते मी बगितलं, माज्या डोळ्यांनी. तुजं मी नाय सडू देनार. मासली उद्या परत येतेय, काशा."

मला त्या क्षणी तिच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. घरोघरचं पोट ज्यावर चालतं ते अन्न तिने समोर उन्हात ठेवलं होतं. तिथे बसलेल्या प्रत्येक बाईने आपलं त्या दिवसाचं काम सोडून तिच्या बाजूने बसायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी कोणी कोणाला समजावलेलं दिसत नव्हतं. टोपल्या पालथ्या घातल्या, बसल्या.

काशिनाथ ताडपत्रीच्या कडेला खाली बसला. पायावरची वाळू काढत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, हातातल्या कागदांकडे बघितलं.

"मॅडम," तो म्हणाला, "ते पानी लय खारट असतंय काय?"

"खारट-गोड," मी म्हटलं. "थंड करून प्यायलात तर जातं."

"चला गो," जमनाबाय म्हणाली, आणि सगळ्या टोपल्या एकदम सरळ झाल्या. वरचा थर खराब झाला होता, तो बाजूला गेला. बाकी ढीग मी कागद समजावून सांगेपर्यंत संपला.

काशिनाथच्या आतड्यात दोन मांसल कोंब निघाले. एक देठावर उभा, छोट्या अळंबीसारखा, एक पसरट. डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून ते तिथल्या तिथे काढले. कापणं नाही, टाके नाहीत. पसरट कोंबाचा तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी बहीण-भावाला समोर बसवून सांगितलं: हा कर्करोग नाही. पण त्याच वाटेवर निघालेला होता. तो आता काढून टाकलाय. मात्र असे कोंब परत येऊ शकतात, म्हणून तीन वर्षांनी पुन्हा बघायचं.

जमनाबायने पडद्यावरचे फोटो मागून घेतले, डोळ्यांजवळ धरून बघितले. "आतून बी माज्यासारकाच हाय," म्हणाली. मग उठून हात धुवायच्या बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. "चल, जेवून घे," भावाला म्हणाली. "काय पायजे ते खा."

तिचं स्वतःचं मात्र उशिरा सापडलं होतं. पुढची दुर्बीणही तिची स्वच्छ आली, पण दुर्बीण आतड्यातलंच बघते. यकृतात गेलेलं तिला दिसत नाही. ते दुसऱ्या तपासणीत दिसलं. मुंबईच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, मग हळूहळू थांबल्या. बाजारातली तिची फळी काही दिवस तशीच ठेवली होती, मग शेजारणीने त्यावर बर्फाची पेटी ठेवली.

मी शेवटची दांडीला गेले तेव्हा थंडीचे दिवस होते. आवारात मांडवावर बोंबील सुकत होते, त्याखाली एका खाटेवर ती टेकून बसली होती. इतकी हाडं असलेल्या बाईत इतकं कमी वजन उरू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. आवाजही गेला होता. ऐकायला खाली वाकावं लागत होतं.

"काशाची तारीक कदी?" तिने विचारलं.

मी महिना सांगितला. तिने मनात काहीतरी हिशेब केला. "मंग मी नाय," म्हणाली. आज वारा नाही म्हणावं तसं. "हौसे, हिकडं ये."

हौसा हात पुसत आली.

"त्या वक्ताला हा नाय गेला, तर काय करशील?"

"टोपली उचलनार नाय."

"येकटी नको बसू. सगल्यांना बसव."

"बसवीन."

काशिनाथ दारात उभा होता. "बस कर ना गो ताय. जाईन म्हटलं ना." ती त्याच्याकडे बघत राहिली, बराच वेळ, मासा ताजा आहे की नाही हे बघतात तशी.

चहा झाला. मी निघाले. कुंपणाच्या फाटकापाशी वळून बघितलं, तेव्हा मांडवाची सावली खाटेवर आली होती आणि काशिनाथ तिला उचलून पलीकडे उन्हात नेत होता. दोन्ही हातांवर, सावकाश, पावलं मोजून टाकत. ती त्याच्या छातीशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होती. त्याने खाली वाकून ऐकलं, आणि मग एवढा मोठा माणूस मोठ्याने हसला.

"काय म्हणतात?" मी फाटकातून विचारलं.

"म्हनते, आवळून धर," तो म्हणाला. "बोंबील नाय मी."